हमीदभाई, तुम्ही बाजाराला हरवलंत का?

हमीदभाई,

तुम्हाला माती देऊन झाली आणि मी कब्रस्तानाच्या फाटकाजवळच्या नळावर हात धूत होतो. तेवढ्यात एसटी डेपोतला वामन शेजारी येऊन वाकला. मला वाटलं, धीराचं काही बोलेल. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "सर, भाईनं शेवटी कोणता शेअर घेतलता? तुमाले मालूम असन."

तुमच्यावरची माती अजून ओली होती. रागानं काहीतरी बोलणार होतो, पण बोललो नाही, कारण राग खरा असला तरी पुरता खरा नव्हता. मलाही तुमच्याबद्दल काहीतरी जाणून घ्यायचं होतंच. वामनला शेअरचं नाव हवं होतं. मला हवं होतं ते याहून वाईट होतं. तुम्ही आम्हाला सहा वर्षं जे सांगत आलात ते खरं होतं की नाही, याचा पुरावा मला हवा होता.

मी असा आहे हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या बायकोचं शिलाई मशीन घेऊन मी पहिल्यांदा तुमच्या दुकानात आलो तेव्हा तुम्ही डोळे मिटून चाक फिरवलंत, आवाज ऐकलात आणि म्हणालात, "शटल घासलं सर. बदलाव लागन." मी म्हणालो, "जुनं काढाल ते मले दाखवा." कोणी दुसरा असता तर चिडला असता. तुम्ही ते घासलेलं शटल माझ्या तळहातावर ठेवलंत आणि विचारलंत, "तुमी गणित शिकवता का चोऱ्या पकडता?" त्यानंतर शाळा सुटली की मी तुमच्या दुकानातल्या लाकडी बाकावर येऊन बसू लागलो. सव्वीस वर्षं बसलो. या सव्वीस वर्षांत आपण एकमेकांच्या घरचं लग्न, आजारपण, भांडण, सगळं पाहिलं. पण आपलं खरं बोलणं कायम वाद घालूनच व्हायचं.

टाळेबंदीत दुकान बंद पडलं आणि तुम्ही घरात बसून वैतागलात. तुमची नसरीन तेव्हा कॉलेजात कॉमर्स शिकत होती. तिनं तुमच्या मोबाइलवर शेअरचं खातं उघडून दिलं. व्याजावर चालणारी कंपनी नको, दारूची नको, असं तुम्ही तिला आधीच बजावलंत. मग पहिला शेअर घेतलात तो बेअरिंग बनवणाऱ्या एका कंपनीचा. का, तर म्हणे, "मोठ्या मशीनच्या मोटरीत मी तिचाच माल टाकतो. एक बेअरिंग वापस नाई आलं आजवर." कंपनी पारखायची ही रीत मला आवडली होती. मी तसं बोललो मात्र नाही.

दोन वर्षांत तो शेअर चौपट झाला. तुम्ही बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाला मोबाइल दाखवायचात. मलाही दाखवलात.

मी विचारलं, "आणि बाकीचे?"

"बाकीचे कोणते?"

"जे घेतले आणि विकून टाकले, ते."

"ते गेले ना सर. गेलेल्याचं नाव काहाले काढता?"

"कारण त्यायच्यातबी पैसा गेला. जे टिकले तेवढेच मोजता तुमी. नापास पोरं वर्गातून काढून टाकली तं मायाबी वर्गाचा निकाल शंभर टक्के लागन."

तुम्ही हसलात, पण तुम्हाला ते लागलं होतं. तुम्ही म्हणालात, "सर, दुकान बंद होतं. या शेअरवर घर चाललं. हे तरी खरं का नाई?"

ते खरं होतं. माझं म्हणणं वेगळं होतं आणि ते मी तुम्हाला शंभर वेळा सांगितलं. टाळेबंदीनंतर सगळा बाजारच वर गेला होता. ज्या वर्षी पाऊस चांगला लागतो त्या वर्षी बांधावर झोपणाऱ्याचंही धान पिकतं. तुमचं धान पिकलं हे दिसतच होतं. तुमच्या हातानं पिकलं की पावसानं, एवढंच मी विचारत होतो.

"मंग कसं समजन? तुमीच सांगा."

मी सांगितलं. देशातल्या सगळ्या मोठ्या कंपन्यांचा थोडाथोडा हिस्सा एकत्र घेणारे साधे फंड असतात. तिथे कोणी डोकं लावत नाही. बाजार जितका चढेल तितका फंड चढतो, उतरेल तितका उतरतो. तुम्ही ज्या दिवशी जेवढे रुपये शेअरमध्ये टाकले, त्याच दिवशी तेवढेच तिथे टाकले असते तर आज किती झाले असते? तुमचे त्याहून जास्त झाले असतील तर तुम्ही जिंकलात. तेही एकदा जिंकून चालणार नाही, वर्षानुवर्षं जिंकायला हवं. शंभर जणांना नाणं उडवायला लावलं तर त्यातल्या दोघातिघांचा लागोपाठ पाच वेळा छापा पडतोच. त्यांना आपण उस्ताद म्हणत नाही.

तुम्ही सुई तेलात बुडवत म्हणालात, "या दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत मोजा. पण मोजाल तुमी."

मी मोजलं आणि तुम्ही जिंकलात. थोडेथोडके नाही, चांगले दणकून जिंकलात. तुम्ही अख्ख्या लाइनीतल्या दुकानदारांना आलुबोंडे खाऊ घातलेत. माझ्या हातावर दोन ठेवून म्हणालात, "खा सर. तुमच्या शंकेचं शटल घासलं, बदलून टाका आता." मी खाल्ले आणि घरी जाऊन सगळी बेरीज पुन्हा केली. कुठे चूक सापडते का ते पाहत होतो. सापडली नाही.

पुढच्या दिवाळीला तुम्ही हरलात. "हे वर्षच खराब होतं," तुम्ही म्हणालात. मी म्हणालो, "बाजारालेबी तेच वर्ष होतं." तिसऱ्या वर्षी तुम्ही मला मोजू दिलं नाहीत. कामं फार आहेत म्हणालात. माझ्या मनात शंका बसली ती तिथं.

पण गावाच्या लक्षात पहिलंच वर्ष राहिलं. एका शिलाई मशीनवाल्यानं बाजाराला हरवलं, ही बातमी आलुबोंड्यांबरोबर घरोघरी गेली. मोबाइलवर ग्रुप झाला. डेपोतले लोक आले, औषधाच्या दुकानातला मुलगा आला, अंगणवाडीतल्या बाई आल्या. तुम्ही त्यावर सल्ला कधीच दिला नाहीत, फक्त आज काय घेतलं ते सांगायचात. त्याला सल्ला म्हणत नाहीत असं तुम्हाला वाटायचं. मला तसं वाटत नव्हतं.

आता एक कबुली देतो, जी जिवंतपणी मी तुम्हाला कधी दिली नाही. तुमचा तो बेअरिंगचा शेअर मीही घेतला होता. तुमच्या दुकानातून उठून, घरी जाऊन, बायकोलाही न सांगता. आणि थोडा चढल्याबरोबर भीतीनं विकून टाकला. नंतर तो चढतच गेला. तुम्ही बाकावर बसून त्याची गोष्ट सांगायचात तेव्हा मी तुम्हाला जे टोकदार प्रश्न विचारायचो, त्यातले किती गणितातून यायचे आणि किती पोटातल्या जळफळाटातून, हे आता मला नीट सांगता येणार नाही. माझ्या शंकेवर मी स्वतःच कधी शंका घेतली नव्हती.

मग शालिकभाऊचं झालं.

शालिकभाऊ तलावाकाठच्या गावाहून दर बाजाराच्या दिवशी मासे घेऊन यायचा आणि जाताना तुमच्या दुकानात पाणी प्यायला थांबायचा. पोरीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी त्यानं दोन हंगामांच्या मासोळीचे पैसे साठवले होते. तुम्ही रसायनं बनवणाऱ्या एका लहान कंपनीचा शेअर घेतल्याचं ग्रुपवर टाकलंत. त्यानं सगळे पैसे त्याच कंपनीत टाकले. चार महिन्यांत ते निम्मे झाले.

त्या दिवशी तो दुकानाच्या पायरीवर उभा होता. टोपली बाहेर ठेवलेली, हात ओले. भांडला नाही. "भाई, तुमचंच पाहून घेतलं मी," एवढंच म्हणाला.

बाकावर चार लोक होते. मी उठून उभा राहिलो. "हमीदभाई, तुमी याले बुडवलं. चढले ते दाखवता, बुडाले ते लपवता. आता हेबी लपवान."

तुम्ही चाकावर हात ठेवून बसलात. "सर, मी त्याले घे नाई म्हटलं."

"नको घेऊ, असं तरी म्हटलं का?"

शालिकभाऊ मध्ये पडला, "जाऊ द्या ना सर." मी नाही जाऊ दिलं. अजून काय काय बोललो ते लिहीत नाही, तुम्ही ऐकलंच आहे. चपला घातल्या आणि निघालो. मागून तुम्ही एकदा "सर" म्हणालात, तेही मला ऐकू आलं होतं.

आठवड्याच्या आत तुम्ही ग्रुप बंद केलात. "डोळे काम देत नाई. आता शेअरचं कोणी विचारू नये." एवढाच मजकूर. मला तो खोटा वाटला. ज्या माणसाला सुईचं नाकं चष्म्याशिवाय दिसतं त्याचे डोळे एका आठवड्यात कसे गेले? त्याच सुमारास नागपूरची एक पांढरी गाडी दोन वेळा तुमच्या दुकानासमोर उभी दिसली. त्यातून इस्त्रीचा शर्ट घातलेला, शेअरच्या टिपा विकण्याचा धंदा करणारा एक माणूस उतरला होता, असं वामननं सांगितलं. मी दोन गोष्टी जोडल्या आणि उत्तर काढलं. वामनला म्हणालो, "फुकटाचं बंद झालं. आता फी घेऊन देतील पाहा." वामननं ते पुढे नेलं. तुमच्यापर्यंत ते पोचलं असणार. ब्रह्मपुरी एवढीशी तर आहे.

चार महिने मी तुमच्या दुकानावरून गेलो नाही. भाजीला जायचं तरी मागच्या रस्त्यानं जायचो. एका सकाळी नसरीनचा फोन आला. "सर, अब्बा..." एवढंच बोलली आणि पुढचं मला कळलं.

दहाएक दिवसांनी ती आमच्या घरी आली. शेअर भाभींच्या नावावर करायचे होते, त्याचे फॉर्म समजत नव्हते. तिच्या हातात कापडी पिशवी होती. तीत तुमच्या खात्याची पहिल्या दिवसापासूनची सगळी विवरणं होती, तिनं छापून आणलेली. "सर, तुमीच पाहून द्या. अब्बा म्हणायचे का सरायच्या नजरेतून काहीच सुटत नाई."

हमीदभाई, ती गेल्यावर मला आनंद झाला. तुम्हाला खोटं काय सांगू? तुम्ही गेल्याला पंधरा दिवस झाले नव्हते आणि तुमचे कागद हातात आले म्हणून मला आनंद झाला. आता मोजता येणार होतं.

तीन दिवस मोजत बसलो. प्रत्येक खरेदी, प्रत्येक विक्री, आणि त्याच दिवशी तेवढेच रुपये त्या साध्या फंडात टाकले असते तर काय झालं असतं ते. तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. तुम्ही हरला होतात. फार नाही, थोडंच. बँकेतल्या ठेवीपेक्षा तुम्ही कितीतरी पुढे होतात, पण बाजाराच्या थोडे मागे. बेअरिंगचा तो एक शेअर बाजूला काढला तर फारच मागे. सगळा डोलारा एका शेअरवर उभा होता.

मी बरोबर होतो. कागदावरून मान वर केली तर सांगायला समोर कोणीच नव्हतं.

पिशवीच्या तळाशी तुमचं लांब रजिस्टर होतं, मशीन दुरुस्तीच्या नोंदींचं. ते परत द्यायचं म्हणून सहज चाळलं. शेवटच्या पानांवर तुमच्या अक्षरात तेच गणित होतं. सुरुवात केल्याची तारीख आपल्या भांडणाच्या दुसऱ्या दिवसाची. सगळे बुडालेले शेअर होते, एकही लपवलेला नव्हता. दरवर्षी मिळालेला लाभांशही तुम्ही धरला होता; तो धरायला मी विसरलो होतो. बेअरिंगचा शेअर वगळून वेगळी बेरीजही केली होती. तो धरूनही मी जिथं पोचलो तिथंच तुम्ही माझ्या कितीतरी आधी पोचला होतात. खाली लिहिलं होतं, "परत केलं. तेच." त्याखाली दोन दिवसांनंतरची तारीख आणि पुन्हा, "परत केलं. तेच." असं तीनदा.

मी तसाच उठलो आणि तुमच्या घरी गेलो. नसरीनला रजिस्टर दाखवलं. तिला ते माहीत होतं.

"म्हूनच ग्रुप बंद केला अब्बानं. डोळ्याचा तं बहाणा होता. शरम वाटत होती त्यायले."

"आणि नागपूरचा तो माणूस?"

"तो म्हणे, नाव तुमचं, टिपा आमच्या, दर महिन्याले तुमाले पैसे. अब्बानं दोन्ही खेपा वापस पाठवला. म्हणे, मले आता समजलं का मी हुशार नाई, नशीबवान हाय. नशीब कसं विकू?"

मी पायरीवरच बसलो. वामनच्या कानात मी काय घातलं होतं ते तिला माहीत आहे की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना. विचारायची हिंमत झाली नाही.

लोकांना सांगायचं की नाही, हा प्रश्न होता. ते अजून तुमच्या शेवटच्या शेअरच्या मागे होते. इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी मी झगडलो, ते आता चारचौघांत बोलायची वेळ आली तर माझी जीभ रेटेना. म्हणालो, "नसरीन, राहू दे. नाव आहे त्यायचं गावात." ती म्हणाली, "त्या नावापायी लोक पैसे लावून राह्यले सर. सांगा तुमी. अब्बाले चालन."

परवा तुमच्या चाळिसाव्याला अंगणात सगळे जमले होते. जेवणं झाल्यावर मी सांगितलं. रजिस्टर उघडून दाखवलं. सहा वर्षांत हमीदभाई बाजाराला हरवू शकले नाहीत, आणि हे त्यांनी स्वतःच तपासून लिहून ठेवलं आहे. एवढ्या पारखी माणसाला जे जमलं नाही ते आपल्याला जमेल असं समजू नका. ज्याला पैसे लावायचेच आहेत त्यानं साध्या फंडात टाकावे आणि आपल्या कामाला लागावं.

मग वामन हसला. "सर, तुमी तं पहिलेपासूनच जळत होते भाईवर. लिस्ट तुमच्यापाशी हाय. तुमी एकटेच घेऊन राह्यले असान." दोघातिघांनी माना डोलावल्या. औषधाच्या दुकानातला मुलगा तर म्हणाला, अक्षर भाईचं कशावरून?

मी शालिकभाऊकडे पाहिलं. तो भिंतीशी उकिडवा बसला होता. "भाई आलते मायाकडं," तो हळूच म्हणाला. "ग्रुप बंद केला त्याच हप्त्यात. तलावाच्या पाळीवर बसले अन् म्हणे, शालिक, मले काई समजत नाई यातलं, मायं पाहून काईच घेऊ नको आता. हात जोडले त्यायनं."

"मग?"

"मले वाटलं, टाळून राह्यले मले. चांगला शेअर एकट्यानं घ्याचा असन."

त्यानं मान खाली घातली. तुम्ही सांगून गेल्यावरही त्यानं तो रसायनांच्या कंपनीचा शेअर धरून ठेवला, आणि तो आणखी खाली गेला. पोरीची नर्सिंगची यंदाची जागा हुकली. पुढल्या वर्षी पाहू, म्हणतो. मी तिचा फॉर्म भरायला बरोबर जाणार आहे. त्यानं होकार दिला, पण माझ्याकडे पाहिलं ते थोडं संशयानंच. मला वाईट वाटलं नाही. मी आयुष्यभर असाच पाहत आलो.

लोक गेल्यावर नसरीन चहा घेऊन आली. मी तिला विचारलं, "अब्बानं हे मले काऊन नाई सांगतलं? चार महिने होते. एक फोन लावला असता. हरलो, एवढं म्हणाले असते तं मी..." पुढे काय झालं असतं ते मलाच सुचेना.

"मी म्हटलं होतं त्यायले," ती म्हणाली. "रजिस्टर घेऊन जा म्हटलं सरायच्या घरी. तं म्हणे, जायची गरजच नाई. ग्रुप बंद केला, गाडी येऊन गेली, हे सरायच्या कानावर गेलंच असन. सरायले शंका आली का ते घरी बसू शकत नाई. येतील इथी विचाराले. आले का मंग दाखवतो." तिनं चहाचा कप माझ्या हातात दिला. "संध्याकाळी दुकान बंद कराले उशीर करत होते सर. अम्मी ओरडे. म्हणत, थांब, अजून सर याचे हायेत."

चहा निवून गेला तरी मी कप धरूनच होतो.

हमीदभाई, तुमचा अंदाज बरोबर होता. शंका आली होती. ती मी वामनला सांगितली, बायकोला सांगितली, रस्त्यात भेटला त्याला सांगितली. तुमच्या दुकानात मात्र विचारायला आलो नाही.